डायनासोरचा सांगाडा: दगडातून हॉलपर्यंत, टप्प्याटप्प्याने

म्युझियममध्ये डायनासोरसमोर उभं राहिलं की बहुतेकांची नजर वर जाते, कवटीकडे, दातांकडे. माझी आता खाली जाते. हाडाला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी कशी बसवलीय, तो स्क्रू काढला तर हाड सुटं होईल का, खरं हाड कुठे संपतं आणि भरलेला भाग कुठे सुरू होतो, हे बघायची सवय लागलीय. ही सवय जीवाश्म साफ करायच्या टेबलावर बसून लागली आणि तिथेच एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, की सांगाडा एकदा उभा केला म्हणजे काम संपलं असं होत नाही, कधीतरी कुणीतरी तो खाली उतरवणारच आहे आणि दुरुस्त करणारच आहे.

जगातला पहिला उभा केलेला डायनासोरचा सांगाडा म्हणजे हॅड्रोसॉरस. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या हॅडनफील्डला १८५८ मध्ये तो खणून काढला आणि १८६८ मध्ये फिलाडेल्फियात उभा केला. कवटी सापडलीच नव्हती, मग बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने इग्वाना सरड्यावरून अंदाजाने एक बनवली. त्या काळात जेवढं माहीत होतं तेवढ्यावर मनापासून केलेलं काम होतं ते, आणि आज आपल्याला माहितीय की तो प्राणी तसा दिसत नव्हता. आपण आज जे उभं करू त्याचंही असंच होणार. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारत चला: मी हे जे करतोय ते उद्या दुसऱ्या कुणाला उलटं करता येईल का, आणि मी काय केलं ते त्याला कळेल का?

शोधायचं कुठे

हाडं शोधायची सुरुवात हातोडी घेऊन होत नाही, भूगर्भाचा नकाशा घेऊन होते. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. खडक गाळाचा हवा, म्हणजे वालुकाश्म, चिखलाचा दगड, चुनखडी वगैरे, लाव्ह्याच्या खडकात हाडं टिकत नाहीत (दोन लाव्ह्याच्या थरांमधे अडकलेल्या गाळात मात्र मिळू शकतात, ते वेगळं). खडकाचं वय बरोबर हवं, साधारण २३ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. आणि तिसरं म्हणजे तो खडक उघडा पडलेला हवा, वर झाडी नाही, माती नाही, पाऊस आणि वारा दरवर्षी थोडा थोडा थर खरवडतोय अशी जागा. ओसाड घळींच्या प्रदेशातून इतकी हाडं मिळतात त्याचं कारण हेच, तिथे डायनासोर जास्त होते असं नाही, तिथे आपल्याला दिसतं.

मग चालायचं. भरपूर चालायचं, हळू चालायचं, आणि नजर उताराच्या पायथ्याशी ठेवायची. वरच्या थरातून हाड बाहेर आलं की त्याचे तुकडे गडगडत खाली येतात, ते तुकडे दिसले की वर चढत जायचं, तुकडे जिथे एकदम थांबतात त्याच्या आसपास मूळ हाड असतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर तिरप्या उन्हात हाडाच्या कडा उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

टी रेक्सचा प्रसिद्ध ‘सू’ सांगाडा असाच सापडला. १२ ऑगस्ट १९९० ला साउथ डकोटामध्ये टीमच्या गाडीचा टायर बसला, बाकीचे तो दुरुस्त करायला गावात गेले आणि सू हेंड्रिक्सन नावाची शोधक मागे राहून एका कड्याकडे चालत गेली. पायथ्याशी हाडाचे तुकडे दिसले, वर बघितलं तर कड्यातून मणके बाहेर आलेले. पायथा आधी, कडा नंतर.

दगड की हाड हे ओळखायला आतला पोत बघा. तुटलेल्या कडेला बारीक जाळी, स्पंजासारखी भोकं दिसतात, बाहेरचा थर मात्र दाट आणि गुळगुळीत असतो. खूप जण जीभ लावून बघतात, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, पण ही पद्धत मला आवडत नाही कारण त्या तुकड्यावर काय असेल सांगता येत नाही, ओलं बोट लावून बघितलं तरी तीच चिकट ओढ जाणवते. आणि रंगावर जाऊ नका, जीवाश्म हाड काळं, तांबडं, पांढरं, निळसर कसलंही असू शकतं, आजूबाजूच्या खनिजांवर ते ठरतं.

हाड दिसलं, आता हात मागे

इथे बहुतेक जण चुकतात, मीसुद्धा चुकलोय. दिसलं की उपटायचा मोह होतो, पण उपटलेलं हाड म्हणजे पत्ता फाडून टाकलेलं पत्र. कुठल्या थरात होतं, कुठल्या दिशेला तोंड होतं, शेजारी काय होतं, हे सगळं एका झटक्यात जातं आणि नंतर कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही.

तर आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. जीपीएसची नोंद. गडगडलेले तुकडे गोळा करायचे असतील तर एका पिशवीत एका जागेचे, पिशवीवर नंबर आणि पिशवीच्या आत पण नंबरची चिठ्ठी, कारण बाहेरची शाई पुसते.

आणि परवानगी. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, कुठे जीवाश्म सरकारचे, कुठे जमीनमालकाचे, कुठे देशाबाहेर नेणंच गुन्हा. हे तोंडी ठरवू नका, लेखी घ्या आणि जमीन खरंच कुणाच्या ताब्यात आहे ते कागदावर तपासा. सूच्या बाबतीत शोधणाऱ्या कंपनीने जमीनमालकाला पैसे दिले होते, पण ती जमीन सरकारच्या ट्रस्टमध्ये होती, १९९२ मध्ये एफबीआयने हाडं जप्त केली, काही वर्षं कोर्टात गेली, शेवटी निकाल जमीनमालकाच्या बाजूने लागला आणि १९९७ मध्ये लिलाव झाला. शिकागोच्या फील्ड म्युझियमने देणगीदारांच्या मदतीने सुमारे ८४ लाख डॉलरला तो सांगाडा घेतला म्हणून तो आज लोकांना बघता येतो, नाहीतर कुणाच्या खाजगी दिवाणखान्यात पण गेला असता. आधी कागद, मग कुदळ.

खोदकाम

वरचा निरुपयोगी थर काढायला कुदळ, टिकाव, फावडं, मोठ्या कामात मशिनसुद्धा चालतं, पण हाडाच्या थरापासून हातभर वरच मशिन थांबवायचं. तिथून पुढे छिन्नी, मग टोच्या, मग दातांच्या डॉक्टरची हत्यारं आणि ब्रश. हाडाच्या दिशेने कधीच ठोकायचं नाही, हाडाला समांतर किंवा हाडापासून लांब जाणारा घाव घालायचा, आणि हाड दिसायला लागलं की ते पूर्ण उघडं करायचं नाही. हे नवीन माणसाला पटत नाही पण फार महत्त्वाचं आहे. शेतात, म्हणजे खोदकामाच्या जागी, हाड फक्त एवढंच उघडायचं की ते किती मोठं आहे, कुठे संपतं आणि शेजारच्या हाडाखाली जातंय का हे कळेल, बाकी सगळी सफाई लॅबमध्ये, भोवतीचा दगड हा त्याचा सगळ्यात चांगला आधार असतो.

सुरुवातीलाच पूर्ण जागेवर दोरीने एक एक मीटरचे चौकोन आखून घ्या. प्रत्येक चौकोनाला नाव, प्रत्येक हाडाला नंबर, कागदावर नकाशा. हल्ली शंभरेक फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल बनवता येतं आणि ते जरूर करा, पण कागदी नकाशा सोडू नका, हाताने काढताना डोळा जे बघतो ते फोटो काढताना बघत नाही. हाडाचा कल, उत्तर दिशा, थराचा कल, सगळं लिहा. हाडं एकाच दिशेला लोळलेली दिसली तर पाण्याचा प्रवाह होता असं कळतं, चावल्याच्या खुणा दिसल्या तर कुणीतरी खाल्लंय असं कळतं. काढलेली माती फेकू नका, चाळा, त्यात दात, माशांचे खवले, छोट्या प्राण्यांची हाडं मिळतात आणि तीच त्या काळचं आजूबाजूचं जग सांगतात.

नकाशाचं महत्त्व कळायला बारापासॉरस हा भारतातला डायनासोर बघा. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, कोटा नावाच्या थरांमध्ये, साधारण ३०० हाडं एकमेकांत मिसळून पडलेली मिळाली, ती निदान सहा प्राण्यांची होती. मांडीचं हाडच पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणून नाव ‘मोठ्या पायाचा’ आणि खोदकाम रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचं, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय, ते १९७५ मध्ये दिलं गेलं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये जो सांगाडा उभा आहे तो या मिसळलेल्या हाडांमधून जुळवलेला आहे. कुठलं हाड कुठल्या हाडाजवळ पडलं होतं याची नोंद नसती तर सहा जनावरांचा एक ढीग, एवढंच हातात राहिलं असतं.

आता चिकटवणं. तडा गेलेल्या हाडाला जागेवरच मजबुती द्यावी लागते आणि त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. पातळ हवं असेल तर १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमच्या आसपास, ते थेंबथेंब आत मुरू द्यायचं, आणि गोंद म्हणून हवं असेल तर जवळपास समसमान वजनाचं घट्ट. याची खरी किंमत अशी की पन्नास वर्षांनी कुणी परत ॲसिटोन लावलं तर ते सुटतं. घाईत लोक सुपरग्लू ओततात, काही बिकट जागी तो वापरावाही लागतो, पण तो काढणं महाकठीण आणि हाडाचे कण घेऊनच निघतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा: ओल्या हाडावर बी-७२ पांढरं पडतं आणि धरत नाही, तिथे पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक घ्या किंवा हाड सावलीत सावकाश सुकू द्या. आणि कडक उन्हात ॲसिटोन आत शिरायच्या आधीच उडून जातं, वर नुसती चकाकी येते आणि आत हाड भुसभुशीतच राहतं, म्हणून सकाळी करा किंवा वर कापड धरा. कुठल्या हाडाला काय लावलं आणि किती, हे त्याच दिवशी वहीत.

प्लास्टरचा कोट

हाडाभोवती चर खणत खणत खाली जायचं, हाड आणि त्याच्या भोवतीचा दगड एका ओट्यावर राहील असं, मग खालून थोडं कोरायचं म्हणजे अळंबीसारखा आकार येतो. वर ओले कागदी टिश्यू दाबून बसवायचे, दोन-तीन थर, एकही जागा उघडी राहता कामा नये. हा थर विसरला तर प्लास्टर थेट हाडाला चिकटतं आणि लॅबवाला तुमचं नाव कायम लक्षात ठेवतो. मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून एकमेकांवर चढवत लावायच्या, प्लास्टर हातावरून ओघळेल पण पाण्यासारखं गळणार नाही इतपत दाट. लहान हाडाला तीन-चार थर पुरतात, मोठ्याला लाकडी फळ्या किंवा पाईप आत बांधून घ्यावे लागतात.

ही कल्पना जुनी आहे. १८७६ मध्ये जीवाश्म गोळा करणारा चार्ल्स स्टर्नबर्ग जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोपबरोबर अमेरिकेतल्या मोंटानात काम करत होता तेव्हा त्यांच्याकडे प्लास्टर नव्हतं, त्यांनी तांदूळ शिजवून त्याच्या चिकट पेजेत कापडाच्या पट्ट्या बुडवून हाडांना गुंडाळल्या. साहित्य बदललं, पद्धत तीच राहिली.

कोट सुकला की त्यावर मोठ्या अक्षरात नंबर, उत्तरेचा बाण, वरची बाजू कुठली, तारीख. मग उलटवणं, आणि अख्ख्या खोदकामातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. खालून आणखी कोरून घ्या, सगळे एका बाजूला, एक जण मोजणार, एका दमात उलटवायचं, अर्ध्यात थांबलात तर आतला दगड खालून सांडतो. मोठे कोट टनाच्या घरात जातात, त्यांना क्रेन किंवा चेनपुली लागते, आणि त्या वजनाखाली माणसाचा हात-पाय यायला नको हे हाडापेक्षा आधी बघायचं. उलटवल्यावर खालची बाजूही तशीच बंद करा.

लॅबमध्ये

आता खरी वेळखाऊ गोष्ट. सू साफ करायला हजारो तास लागले, फील्ड म्युझियमने काचेमागे लॅब लावून लोकांना ते काम बघू दिलं, आणि मला वाटतं प्रत्येक म्युझियमने असं करावं, कारण सांगाडा बघून जे कळत नाही ते एका माणसाला तासभर एकाच मणक्यावर वाकलेलं बघून कळतं.

कोट वरून कापायचा, हाड वाळूच्या पिशव्यांवर टेकवायचं, आणि मायक्रोस्कोपखाली काम सुरू. मुख्य हत्यार म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं पेनसारखं स्क्राइब, त्याची कार्बाइडची सुई मिनिटाला हजारो ठोके देते. दगड आणि हाड यांच्यामधे बहुतेक वेळा एक नैसर्गिक सांधा असतो, बरोबर कोन मिळाला तर दगड खपलीसारखा उडतो आणि खाली हाडाचा मूळ पृष्ठभाग दिसतो, शिरा जिथून गेल्या त्या खाचांसकट. तो कोन हाताला कळायला वेळ लागतो. शेवटचा पातळ थर बेकिंग सोड्यासारख्या मऊ पावडरच्या फवाऱ्याने काढतात.

चुनखडीतलं हाड असेल तर सौम्य ॲसेटिक ॲसिड वापरतात, चुनखडी विरघळते आणि हाड राहतं कारण त्याचं खनिज फॉस्फेटचं असतं. पण हाडाचा उघडा झालेला भाग दर फेरीला बी-७२ ने झाकावा लागतो, आणि ॲसिडमध्ये जितका वेळ ठेवलं त्याच्या दोन-तीन पट वेळ वाहत्या पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर आत राहिलेल्या क्षारांचे स्फटिक वाढून हाड फोडतात. नवशिक्याने हे एकट्याने करू नये.

धूळ. दगडाच्या धुळीत सिलिका असतं, ते फुप्फुसात कायमचं बसतं, साधं कापड तोंडाला बांधून उपयोग नाही, नीट बसणारा मास्क आणि टेबलाशीच धूळ ओढणारा पाईप पाहिजे. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा आसपास ठिणगी नको. काही ठिकाणच्या हाडांत युरेनियम असतं आणि त्यातून रेडॉन वायू निघतो, म्हणून साठवणीच्या खोलीत हवा खेळती हवी. मी ज्या खोलीत शिकलो तिथे पंखा बरेच दिवस बंद होता आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं, तुम्ही घ्या.

जोडकाम: दोन तुकडे जुळतात असं वाटलं तर आधी कोरडे जुळवून बघा, सगळे तुकडे जुळल्यावरच गोंद लावा, नाहीतर शेवटचा तुकडा बसत नाही. वाळूच्या ट्रेमध्ये असं टेकवा की वरच्या तुकड्याचं वजनच जोड दाबून धरेल. मी शिकत असताना एका मणक्याचा पातळ काटा माझ्या हातून तुटला, घाबरून मी तो लगेच चिकटवायला गेलो, तर शिकवणाऱ्या बाईंनी हात धरला आणि म्हणाल्या, आधी फोटो काढ, वहीत लिही कधी तुटला आणि कशाने, मग चिकटव. तो तडा कोटी वर्षांपूर्वीचा की माझ्या हातचा, हे वीस वर्षांनी बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

खड्डे भरताना सहा फूट-सहा इंचांचा नियम वापरतात: सहा फुटांवरून भरलेला भाग डोळ्यात खुपू नये, आणि सहा इंचांवरून तो लपूही नये. रंग जवळचा द्या, तंतोतंत नको.

हाडांत पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर दमट हवा हा शत्रू. बेल्जियममध्ये बेर्निसार्टच्या कोळसाखाणीत १८७८ मध्ये ३२२ मीटर खोलीवर इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले, हाडांत पायराइट होतं, हवा लागताच ती फुटायला लागली. तेव्हापासून सरस, शेलॅक, नवी रसायनं असे उपचार पिढ्यानपिढ्या करावे लागलेत आणि आज ते सांगाडे ब्रसेल्सला काचेच्या मोठ्या पेटीत आहेत. अशा हाडांसाठी आर्द्रता ५० टक्क्यांच्या बरीच खाली आणि स्थिर ठेवा, चढउतार जास्त नुकसान करतो.

जे सापडलं नाही त्याचं काय

पूर्ण सांगाडा जवळपास कधीच मिळत नाही. सूचा आकारमानाने साधारण ९० टक्के भाग मिळाला आणि तो विलक्षण मानला जातो. डावं हाड आहे आणि उजवं नाही, तर स्कॅन करून आरशासारखं उलटं प्रिंट काढता येतं, हे सगळ्यात भरवशाचं. दोन्ही नसतील तर त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचं हाड मापात लहान-मोठं करून, तेही नसेल तर जवळच्या जातीवरून. प्रत्येक पायरीला खात्री कमी होत जाते, म्हणून प्रत्येक हाडाच्या यादीपुढे लिहा: खरं, आरसा, दुसऱ्या प्राण्याचं, अंदाजाने घडवलेलं.

हे न लिहिल्यामुळे काय होतं त्याचं उदाहरण पिट्सबर्गचं. कार्नेगी म्युझियमच्या ॲपॅटोसॉरसवर कित्येक दशकं कॅमॅरासॉरस या दुसऱ्याच डायनासोरच्या धर्तीचं डोकं बसवलेलं होतं, ते १९७९ मध्ये बदललं. तोवर पुस्तकांत, खेळण्यांत, सगळीकडे तेच आखूड डोकं पोचलेलं होतं.

खरी हाडं उभी करायची की कास्ट

माझं मत स्पष्ट आहे: हाड नाजूक असेल, किंवा ज्या हाडावरून त्या जातीला नाव दिलं तेच असेल, तर कास्ट (साच्यातून काढलेली नक्कल) उभा करा आणि खरं हाड कपाटात ठेवा जिथे संशोधकाला हात लावता येईल. लंडनचा डिप्पी, म्हणजे डिप्लोडोकस डायनासोरचा सांगाडा, १९०५ पासून लोकांचा लाडका आहे आणि तो प्लास्टरचा कास्ट आहे, त्याने कुणाचं प्रेम कमी झालं नाही. पॅटागोटायटन या महाकाय डायनासोरचं मांडीचं हाड २.४ मीटर लांब, अशी हाडं छतापर्यंत टांगणं अवघडच, म्हणून न्यूयॉर्कला २०१६ मध्ये लावलेला ३७ मीटरचा सांगाडा फायबरग्लासचा आहे आणि तरी त्याची मान हॉलच्या दारातून बाहेर येते.

कास्टसाठी हाडावर सिलिकॉन रबराचा साचा, त्याला बाहेरून कडक कवच, आत रेझिन आणि ग्लास फायबर. साच्याने हाडाचा पातळ भाग ओढला जायची भीती असेल तर स्कॅन करून थ्रीडी प्रिंट काढा, हाडाला हातही लागत नाही.

पोझ

इथे भावनेला आवर घाला. डरकाळी फोडणारा, मागच्या पायांवर ताठ उभा प्राणी लोकांना आवडतो, पण सांधे काय सांगतात ते आधी. बेर्निसार्टचे इग्वानोडॉन जीवाश्मशास्त्रज्ञ लुई डोलोच्या देखरेखीखाली एका चॅपलमध्ये दोऱ्यांना टांगून जुळवले गेले, पहिला १८८२ मध्ये. त्याने एक मोठी चूक दुरुस्त केली, आधी नाकावरचं शिंग समजलेला काटा हा अंगठा होता हे त्या पूर्ण सांगाड्यांनी दाखवलं. पण कांगारूसारखी पोझ देताना शेपटी वाकवावी लागली, जी खरं तर हाडासारख्या झालेल्या स्नायुबंधांनी ताठ धरलेली असते. १९८० मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड नॉर्मनने हे नीट मांडलं. हाडं इतकी नाजूक झालीत की ते सांगाडे अजून जुन्याच पोझमध्ये ठेवलेत. जे उलटवता येत नाही त्याचं असं होतं.

तपासायच्या गोष्टी: शेपटी जमिनीवर ओढत नाही, पायांच्या ठशांबरोबर शेपटीचा ओरखडा क्वचितच मिळतो. मांसाहारी डायनासोरच्या हातांचे तळवे जमिनीकडे नसतात, एकमेकांकडे असतात. मणक्यांमधे कूर्चेची जागा सोडा, नाहीतर प्राणी आखूड होतो. पोटाच्या बारीक बरगड्या विसरू नका. सूच्या या बरगड्या २००० मध्ये बसवल्या नव्हत्या, कशा बसतात याची खात्री नव्हती, २०१८ मध्ये नव्या हॉलमध्ये लावल्या आणि तिचं पोट एकदम भरदार दिसायला लागलं. मला त्या १८ वर्षांच्या थांबण्याचं फार कौतुक वाटतं, खात्री नव्हती तर घुसडल्या नाहीत.

पोझ आधी कॉम्प्युटरवर किंवा छोट्या मॉडेलवर ठरवा, वजनाचा मध्य पायांवर येतोय ना बघा, मगच लोखंड कापा.

लोखंडाचं काम

जुनी पद्धत म्हणजे मणक्यांना भोक पाडून आतून सळई घालायची आणि वर प्लास्टर भरायचं, सळई दिसत नाही पण हाड कायमचं जायबंदी. आता प्रत्येक हाडाला बाहेरून स्वतःचा कंस बनवतात, पाळणा म्हणा, स्टीलची पट्टी तापवून हाडाच्या आकाराला वाकवायची, आतून फेल्ट किंवा फोम, आणि स्क्रूने मुख्य पाईपला जोडायचं. वाकवताना खरं हाड नाही, त्याचा कास्ट शेजारी ठेवा, तापलेलं लोखंड आणि वेल्डिंगच्या ठिणग्या खऱ्या हाडाजवळ कधीच नकोत. चांगला वेल्डर मिळाला तर त्याला हाडांचं शास्त्र समजावून सांगायला वेळ द्या, तो पट्टी हाडाच्या सावलीत लपवतो आणि प्रेक्षकाला सांगाडा हवेत उभा वाटतो.

जमिनीवर किती भार येतो, धक्का बसला किंवा भूकंप झाला तर काय, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. जीवाश्म हाड दगड असतं, सूची कवटीच सुमारे २७० किलोची आहे, म्हणून ती वेगळ्या काचेत ठेवलीय आणि सांगाड्यावर हलका कास्ट आहे.

जोडणी वर्कशॉपमध्ये एकदा पूर्ण करून बघा, मग सुटं करून हॉलमध्ये न्या. क्रम साधारण असा: मागचे पाय आणि कंबर, मग पाठीचा कणा, खांदे आणि पुढचे पाय, मान, शेपटी, बरगड्या, आणि डोकं शेवटी. प्रत्येक कंसावर हाडाचा नंबर कोरा. नीट जोडलेलं सोडवता येतं याचा फायदा संकटात कळतो, दुसऱ्या महायुद्धात डिप्पीला सुटं करून तळघरात ठेवलं होतं, बर्लिनचा १३.२७ मीटर उंच जिराफाटायटनही तसाच उतरवला होता, २००७ मध्ये तो सुधारलेल्या पोझमध्ये परत उभा राहिला.

लोकांसमोर, आणि त्यानंतर

उजेड बाजूने तिरपा द्या, समोरून दिला की हाडं सपाट दिसतात. लहान मुलाच्या उंचीवर बसून बघा काय दिसतं, शक्य असेल तर वरच्या मजल्यावरूनही बघायची सोय करा, मणक्यांची रांग वरून बघण्यात वेगळीच मजा आहे. कठडा एवढा लांब की हात पोचणार नाही, आणि शेजारी हात लावायला म्हणून एक कास्ट जरूर ठेवा, आंधळ्या माणसाला तोच सांगाडा आहे.

पाटीवर सगळ्यात आधी सांगाड्याचं एक चित्र, खरी हाडं एका रंगात आणि बनवलेली दुसऱ्या. लोकांना हे सांगितलं तर ते नाराज होतील ही भीती मला कधीच खरी झालेली दिसली नाही, उलट ते चित्र हातात धरल्यासारखे एकेक हाड शोधत बसतात.

उद्घाटनानंतर वर्षातून निदान एकदा मऊ ब्रश आणि कमी दाबाच्या व्हॅक्यूमने धूळ काढा, प्रत्येक स्क्रू बघा, फेल्ट दबलंय का, जुन्या जोडाला नवा तडा आहे का, आणि आधीच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघा. कंसांचे ड्रॉइंग, गोंदाची नोंद, खोदकामाचा नकाशा यांची एक प्रत कागदावर आणि एक दुसऱ्या इमारतीत. कधी कुणी संशोधक पत्र पाठवेल की तिसरा मणका बघायचाय. तेव्हा चार स्क्रू काढा, मणका फोमच्या ट्रेमध्ये ठेवून द्या, रिकाम्या कंसात ‘अभ्यासासाठी नेलाय’ अशी चिठ्ठी अडकवा आणि वहीत तारीख घाला.